अठ्ठावन्न की साठ

विद्यापीठाच्या नामांतराचा वाद पेटलेल्या वर्षांत त्याच विद्यापीठाची बी.ए. घेऊन मी पाथरीत घरी बसलो होतो. वडील तहसील कचेरीत आवक-जावक कारकून. सरकारकडं जाणारा आणि सरकारकडून येणारा प्रत्येक कागद त्यांच्या शिक्क्याखालून जाई. त्यांच्या निवृत्तीला चार महिने उरले असताना पेपरात आलं, की सरकार निवृत्तीचं वय अठ्ठावन्नवरून साठ करणार म्हणे.

वडील दुसऱ्या दिवसापासून तरुण दिसायला लागले. माझं डोकं मात्र फिरलं. आम्ही पदवीधर चहाच्या हॉटेलात बसून म्हातारे होत होतो आणि हे म्हातारे खुर्ची सोडायला तयार नव्हते! आम्ही बेकार पोरांनी मोर्चा ठरवला. अक्षर चांगलं म्हणून निवेदन माझ्याकडं आलं. त्याच संध्याकाळी वडीलही कोरे कागद घेऊन माझ्यापुढं बसले.

"आमच्या संघटनेचं बी लिहून दे. साठ पायजे म्हंजे पायजे, असं दणकून लिही. आमच्यातल्या एकाचं बी अक्षर साहेबाला लागत न्हाई."

मी दोन्ही लिहिली. एकात 'अनुभवी हातांची देशाला गरज आहे', दुसऱ्यात 'थकलेल्या हातांनी आता विसावा घ्यावा'. सकाळी आईनं दोन डबे भरले आणि विचारलं, "मोर्चा येकच हाय का दोन?"

दोन होते. कचेरीच्या दारात ते समोरासमोर आले. घोषणा देता देता मी वडिलांना आत जायला वाट करून दिली, कारण आमचं निवेदन घ्यायला त्यांनाच खुर्चीवर बसायचं होतं. त्यांनी आधी आपल्या संघटनेचं घेतलं, मग आमचं.

आठवड्यानं नायब तहसीलदारांनी मला बोलावलं. तालुक्याचा अभिप्राय कळवा, असा वरून हुकूम आला होता आणि टाइपरायटर परभणीला दुरुस्तीला गेला होता.

"दोन्ही निवेदनं तुझ्याच हातची दिसायलीत," साहेब म्हणाले. "मंग अभिप्राय बी तूच लिही. दोन्ही बाजू तुझ्याइतक्या कुणाला ठाऊक हायत? मी सही करतो."

समोरच्याच टेबलावर वडील टपाल लावत होते. मुंबईतलं सरकार आमच्या या एका कागदासाठी थांबलंय, असं त्यांनाही वाटत होतं आणि मलाही. कचेरीशिवाय त्यांना दुसरं काही येत नव्हतं. रविवारीसुद्धा ते घरात चुकल्यासारखे फिरत. हे सगळं ठाऊक असून मी लिहिलं, 'वय अठ्ठावन्नच ठेवावे'. साहेबांनी न वाचता सही ठोकली.

वडील मात्र प्रत्येक कागद वाचूनच नोंदवत. त्यांनी वाचला. जावक क्रमांक टाकला, शिक्का मारला, पाकीट चिकटवलं. "टपालानं उशीर व्हईल," म्हणाले आणि पाकीट पिशवीत घालून स्वतःच परभणीला कलेक्टर कचेरीत द्यायला निघाले. मी त्यांना एसटीत बसवून दिलं. इतकी लाज मला आयुष्यात पुन्हा कधी वाटली नाही.

दिवेलागणीला ते परतले. चपला काढायच्या आधी त्यांनी खिशातून एक चिठोरं काढून माझ्या हातात दिलं.

"पोच हाय. जपून ठेव. उद्या सरकार म्हणंल, असला कागद आमाला मिळालाच न्हाई. मंग तू काय दाखवशील?"