पंखांचा अजगर

त्या अजगराला पंख होते, तरी आम्ही त्याला अजगरच म्हणायचो. सेलूच्या मामांनी सुट्टीपुरता दिलेल्या व्हिडिओ गेमची एकच कॅसेट धड चालायची. तलवारवाला राजकुमार जंगल, दलदल, किल्ला पार करून शेवटच्या दालनात शिरला की हा हिरवा अजगर आग ओकत समोर उभा. तो मेला की खेळ जिंकला. आमच्या पुलगावच्या घरात तो अजून कुणाच्याच हातून मेला नव्हता.

माझ्या हातून मरायचा प्रश्नच नव्हता. घरात रीतच पडून गेली होती की जंगल आणि दलदल मी तुडवायची, आणि अजगराचं दार उघडलं की रिमोट दादाला द्यायचा. "दे इकडे, तुले नाई जमत," तो म्हणायचा. मग बघता बघता राजकुमाराची राख करून रिमोट परत माझ्याकडे. पुन्हा जंगल. माझं डोकं असं तापायचं की विचारू नका. पण नुसतं बघत बसल्याचा एक फायदा झाला. दादा पोटावर वार करत सुटायचा. अजगर मात्र आग ओकण्याआधी दर वेळी मान खाली घालायचा. तेवढ्यात तुटक्या खांबावर चढून डोक्यावर हाणायला हवं होतं. हे मी दादाला सांगितलं नाही. का सांगू?

गेम परत जायच्या आदल्या दुपारी आईने दादाला नाचणगावला मावशीकडे पापड घेऊन पाठवलं. मी लगेच टीव्हीपुढे बसले. आज अजगर मीच मारणार होते, तोही दादा यायच्या आत.

जंगल झालं, दलदल झाली, दार उघडलं आणि व्होल्टेज पडलं. मे महिन्यात कूलर चालू असला की हे व्हायचंच. चित्र आक्रसून थरथरायला लागलं, अजगराची मानच दिसेना. मी खेळ थांबवला. कूलरपुढे आई आडवी झाली होती. सकाळपासून पापड लाटून तिची पाठ धरली होती, तिला काय म्हणणार? मला रडू आलं, रागाचं.

"काऊन थांबली?" डोळे न उघडताच आईने विचारलं.

"अजगर दिसत नाई."

या खेळाकडे कधी ढुंकूनही न बघणारी आई उठली, कूलर बंद केला आणि पदराने वारा घेत माझ्यामागे भिंतीला टेकून बसली. "खेळ आता."

आधी मी भाजले. शेवटचा जीव उरला. रिमोट घामाने निसटत होता, तो मी फ्रॉकला पुसून घेतला. अजगराने मान खाली घातली. खांब, उडी, वार. पुन्हा मान, पुन्हा खांब. आणि तो कोसळला.

दादा आला तोवर खेळ पुन्हा सुरुवातीच्या जंगलात येऊन थांबला होता.

"मी मारला अजगर," मी म्हटलं.

"खोटं बोलून राह्यली."

"म्या पाह्यलं ना," आई कूलर लावत म्हणाली. "त्यानं मान खाली घातली का खांबावर चढाचं अन् डोक्यावर हानाचं. तिनंच मारला."

माझं गुपित तिने असं फुकटात देऊन टाकलं. दादाने रिमोट उचलला, जंगलाकडे पाहिलं आणि सवयीने माझ्यापुढे धरला.

"जंगलबी तूच तुडव," मी म्हटलं आणि कूलरपुढे आईशेजारी जाऊन झोपले.