सहावी प्लेट

संजय करंदीकर कुणाकडेही गेले, की आधी प्लेट पालथी करून मागचा शिक्का वाचत. एकदा बॉसच्या घरी त्या प्लेटमध्ये केक होता, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

आखातातल्या हमरिया फ्री झोनमध्ये दिवसभर स्टोअर सांभाळणाऱ्या या सरळ माणसाला पन्नास-साठ सालातल्या इंग्लिश प्लेट्सचं वेड होतं. एखादं गोरं कुटुंब मायदेशी निघालं, की शुक्रवारी घरातलं सामान विकायला काढी. बाकीचे फ्रिजकडे धावत, संजय किचनकडे. अशा पाच जमल्या होत्या: पांढऱ्यावर काळ्या रेघांची, खुर्च्या-दिव्यांची चित्रं. त्यांत एकदा तरी वरणभात जेवायचा, एवढीच त्यांची इच्छा. पण बायकोने, उर्मिलाने, प्लेट्सना शोकेसबाहेर येऊ दिलं नव्हतं.

"परक्यांची उष्टी भांडी! काय काय खाल्लं असेल त्यांत!"

"अगं, चाळीस वर्षं धुतल्यात त्या."

"मग आणखी चाळीस धुवा."

२००२ साली अल नहदातल्या त्यांच्याच बिल्डिंगमधल्या मिसेस हॅलम, निवृत्त शिक्षिका, इंग्लंडला परत निघाल्या. इस्त्रीचं टेबल बघायला म्हणून उर्मिलाही लेक श्रियाला घेऊन संजयबरोबर वर गेली. टीपॉयवर तीच काळ्या रेघांची प्लेट! संजयनी झडप घालून पालथी केली. बाईंचं सँडविच गालिच्यावर.

"बाबा, नॉट अगेन!" श्रिया ओरडली.

"अहो!" उर्मिला लाजेने अर्धी झाली.

बाई मात्र पोट धरून हसल्या. "ही विकायची नाही हं. आईची आहे, मी रोज हिच्यातच खाते."

भरपाई म्हणून उर्मिलाने त्यांना दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला बोलावलं. बाई आल्या त्या काखेत प्लेट घेऊनच. "बाकी सगळं खोक्यांत गेलं. मला हिच्यातच वाढ."

उर्मिलाने प्लेटकडे पाहिलं, स्टीलच्या ताटांकडे पाहिलं. पाहुणीला एक भांडं आणि घरच्यांना दुसरं, हे तिच्याच्याने होईना. तिने शोकेस उघडली.

बाईंनी दोनदा भात घेतला. निघताना त्यांनी आपली प्लेट स्वतः धुतली आणि संजयच्या पाच प्लेट्सवर ठेवली. "पण कपाटात उपाशी ठेवू नका," एवढंच म्हणाल्या.

रात्री उर्मिलाने संजयना त्याच सहाव्या प्लेटमध्ये वाढलं. वरणभात, वर तूप. त्यांचा हात प्लेटच्या काठाकडे गेला.

"आधी जेवा," ती म्हणाली, "मग घाला पालथी."