कासवाचे आठ पाय

तेओलिंदचा नवरा बावीस वर्षं डोंगर खणत होता, आणि तिथे काय नाही हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

तेओलिंद रॉड्रिग्ज बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरची, ऑक्टोपस धरणारी बाई. तिची आई तेच करायची, आजीही तेच. ओहोटी लागली की पायात जुने बूट, डोक्यावर गवती टोपी, हातात आकड्याची लोखंडी सळई, आणि प्रवाळाच्या कड्याआतल्या उथळ पाण्यात मैलभर चालत जायचं. बिळाच्या तोंडाशी स्वच्छ झाडलेली वाळू आणि चार शिंपले दिसले की समजायचं, आत कोणीतरी जेवून बसलंय. सळई घालायची, ओढायचं, डोकं उलटं करायचं, संपलं. संध्याकाळी किनाऱ्यावरच्या काठ्यांवर ऑक्टोपस कपड्यांसारखे वाळत असतात. यात काव्य वगैरे काही नाही. चाळिशीत कंबर जाते आणि तिच्या मागोमाग गुडघे.

चांगलं बीळ म्हणजे मात्र जमिनीहून मोठी इस्टेट. एक ऑक्टोपस काढला की चार दिवसांत दुसरा येऊन राहतो. तेओलिंदच्या आईला एका ओळीत सात बिळं सापडली होती. ही जागा आईने फक्त मुलीला दाखवायची, तीही मुलगी इथेच राहणार असं पक्कं झाल्यावर. नवऱ्याला कधीच नाही. आई म्हणायची, नवऱ्याला सांगितलं की नणंदेला सांगितलं, आणि नणंदेला सांगितलं की पुढच्या ओहोटीला सगळं गाव तिथे उभं.

पाण्यात खूण करता येत नाही, म्हणून आईने ती किनाऱ्यावर केली. तेओलिंद नऊ वर्षांची असताना आईने मोडक्या सळईच्या टोकाने दोन दगड कोरले. खालच्या दगडावर आकड्याची सळई, वर चढावरच्या दगडावर ऑक्टोपस. मोठ्या ओहोटीला पाण्यात उभं राहायचं, वरचा दगड नजरेत बरोबर खालच्याच्या डोक्यावर ठेवायचा, आणि तो तसाच ठेवत मागे मागे चालायचं. पाणी मांडीला लागलं की थांबायचं. बिळं तिथेच.

आईला चित्रकला येत नव्हती. वर्षानुवर्षं खारा वारा खाऊन ऑक्टोपसचे चार पाय झिजले, चार उरले. आकड्याच्या सळईची झाली चावी.

आनाक्लेकडे, म्हणजे तेओलिंदच्या नवऱ्याकडे, बापाने दिलेला एक कागद होता. मॉरिशसच्या कुठल्याशा कारकुनाने केलेल्या नकलेची नक्कल. चाच्यांनी पुरलेल्या सोन्याची वाट त्यात सांगितली होती: चावीवरून कासवाकडे बघ, आणि कासवाच्या पाठीमागे चढ. असे कागद त्या बेटावर घरटी एक सापडतात. पण खूण सापडलेला आनाक्ले एकटाच. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तो घरी धावत आला आणि बहिणीसमोर, झेफिरीनसमोर, त्याने सांगितलं की कासव मिळालं.

तेओलिंद तेव्हाच सांगणार होती. आईचा नियम मोडून सांगणार होती, कारण नवरा अजून आवडत होता. तिने एवढंच म्हटलं, की ते कासव नसेलही.

"ऐकलंस का झेफिरीन? आता ही मला दगड वाचायला शिकवणार. दिवसभर पाय पाण्यात, आणि अक्कल त्याच्याही खाली."

झेफिरीन हसली. हसली नसती तरी चाललं असतं, पण हसली. तेओलिंदने दोघांना मक्याच्या कण्या वाढल्या, वर लिंबू-मिरचीचं लोणचं वाढलं, आणि तोंड मिटलं.

मग ते मिटलेलंच राहिलं. पहिल्यांदा राग होता, पुढे सोय झाली. खड्ड्यातला नवरा दारूच्या दुकानात नसतो आणि बायको समुद्रावर कुठे वळते ते बघायला मागे येत नाही. आनाक्लेने चढावर कोरडी विहीर खणली, तिच्यातून आडवं भुयार काढलं. एकदा दरड कोसळून त्याची तीन बोटं गेली. तेओलिंदने फडकं बांधलं आणि ओहोटी चुकू नये म्हणून निघून गेली. घर त्या सात बिळांवर चाललं. मुलगी मार्लेन शिकली ती त्यांच्यावर, आणि अठराव्या वर्षी बोटीने मॉरिशसला कपड्यांच्या कारखान्यात गेली तीही त्यांच्याच जोरावर. आनाक्ले मात्र सगळ्या गावाला सांगायचा, बायको ऑक्टोपसांचा वास मारते म्हणून मी डोंगरावर असतो.

खणण्याच्या बाविसाव्या वर्षी मार्लेनचा कारखाना बंद पडला. तिने कळवलं, परत येते, कायमची येते, तुझं काम शिकव. ऑक्टोपसवरची दोन महिन्यांची बंदी उठायच्या दिवशी ती पाण्यात उतरणार होती. तेओलिंदला हेच हवं होतं. तिचे गुडघे संपले होते. दोन चक्रीवादळांनी समुद्राचा तळ बदलून टाकला होता. दोन दगडांच्या रेषेशिवाय तिला स्वतःलाही ती जागा सापडली नसती. एकदा रेषेवर उभं राहायचं, मुलीला दाखवायचं, की सुटली.

मार्लेनची बोट आठ दिवसांवर आली, आणि जेवताना आनाक्ले म्हणाला, की आपण मूर्ख होतो. सोनं कासवाच्या मागे नाही, कासवाखालीच आहे. उद्या पहारीने तो दगड उलथणार.

तेओलिंदने वाटी खाली ठेवली. दगड गेला तर मुलीचं पोट गेलं, आणि दगड वाचवायचा तर एकच वाट होती. म्हणून तिने सांगितलं. आई, मोडकी सळई, झिजलेले चार पाय, सगळं सांगितलं. बिळं तेवढी किती ते सांगितलं नाही.

आनाक्ले चावायचा थांबला.

"बावीस वर्षं तू बघत होतीस."

"हो."

"हसत होतीस."

"पहिली दोन वर्षं. मग कंटाळा आला."

ही दोन वाक्यं गिळता आली असती. पण ती सुद्धा माणूसच होती, आणि बावीस वर्षं थांबलेली.

आनाक्लेने ताट पुसून खाल्लं, हात धुतले, पहार आणि हातोडा घेतला आणि दुपारच्या उन्हात चढावर गेला. ती काठी टेकत मागोमाग निघाली. अर्ध्या वाटेवर असताना घाव ऐकू यायला लागले. पोचली तेव्हा दगडाचे तुकडे झाले होते. ते त्याने उतारावरून लोटून दिले होते, आणि दगड जिथे होता ती मातीही उकरून सपाट केली होती. खाली काहीच नव्हतं, एक गोम होती. आनाक्लेने हातोडा तिच्या पायाशी टाकला.

"घे. आता तू खण."

बंदी उठली त्या दिवशी शंभर बायका पाण्यात उतरल्या. तेओलिंद मुलीच्या खांद्यावर भार टाकून सात तास चालली. खालची चावी दिसत होती, तिच्या डोक्यावर ठेवायला काही नव्हतं. झेफिरीनच्या सुनेने लांबून विचारलं, आज म्हातारीला काय झालंय, भोवरा झालाय का? मार्लेनच्या सळईला दोन पिल्लं लागली, तीही दुसऱ्यांच्या जागेतली, म्हणून शिव्या पडल्या. दोन महिने ती जीव तोडून राबली. मग एक दिवस म्हणाली, "आई, तू आधी का नाही दाखवलंस गं?" आणि उत्तराची वाट न बघता बोटीने परत गेली, कोणाच्या तरी घरी धुणीभांडी करायला.

तेओलिंद दुसऱ्यांचे ऑक्टोपस काठ्यांवर वाळत घालायला लागली. आनाक्ले ओट्यावर बसून राही. त्याला करायला काही नव्हतं, आणि तिच्याकडे बघत राहायचं एवढं एक काम त्याने धरलं होतं.

एका रविवारी तो बहिणीकडे पलीकडच्या गावी गेला. तेओलिंदने आईची मोडकी सळई कमरेला बांधली आणि खाडीपलीकडच्या डोंगराकडे निघाली, ज्या डोंगरावर शेळ्यासुद्धा कुरकुर करत चढतात. काठीने जमेल तितकी चढली, मग बसून, मग हातांवर. वर एका कपारीत, ऊन पोचत नाही अशा दगडावर तिने कासव कोरलं. सावकाश, नीट, चारच पायांचं. वर मीठपाणी चोळलं, शेळीची लीद चोळली. उतरायला संध्याकाळ झाली.

गुडघे सोलले होते. आनाक्लेने विचारलं, कुठे पडलीस? ती म्हणाली, गोठ्याशी.

पावसाळा मधे गेला. मग शेळी शोधायला गेलेला आनाक्ले त्या डोंगरावरून आला तो शेळी विसरून आला. बोलावं की नाही ते त्याला ठरवता येईना. शेवटी दारात उभ्या उभ्या म्हणाला,

"तुझी आई त्या डोंगरावर गेली होती का कधी?"

"कशाला जाईल? तिथे समुद्र कुठे दिसतो?"

"आणि तू?"

तिने झगा वर करून सुजलेले गुडघे दाखवले. तो त्यांच्याकडे बघून हसला, कितीतरी महिन्यांनी हसला. मग कोपऱ्यातून पहार घेतली आणि तिची धार अंगठ्याने पाहिली.

त्या रात्री तेओलिंदने त्याला कण्या जास्त वाढल्या. तो डोंगर कातळाचा होता, ताकद लागणार होती.