ट्रकचं वजन वजा जाता

ऑर्विल तोर्सनने मिनेसोटातल्या एका धान्याच्या कोठारात अडतीस वर्षं वजनकाटा सांभाळला. मक्याने भरलेला ट्रक आत येताना तोलायचा, रिकामा होऊन बाहेर जाताना पुन्हा तोलायचा आणि वजाबाकी करून मालाचं वजन सांगायचं. एवढं एकच काम त्याने जन्मभर केलं, पण दाणाभर इकडचं तिकडे होऊ दिलं नाही. निवृत्त झाल्यावर तो घरच्या मांजराचंही वजन करू लागला, जेवणाआधी आणि जेवणानंतर.

त्याची बायको आर्डिस मात्र कुठल्याच मापात न मावणारी. काउंटीच्या जत्रेत तिच्या लिंबाच्या केकला सलग अकरा वर्षं पहिल्या नंबरची निळी फीत मिळाली होती. बाराव्या वर्षी, जत्रेला आठवडा उरला असताना, बाई अंगणात घसरून पडली आणि उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. शेजारची लव्हर्न विचारपूस करायला आली ती चेहरा पाडून, पण डोळे हसत होते. फीत आता हिच्या घरी जाणार, या विचाराने आर्डिसला घास उतरेना. शेवटी तिने नवऱ्याला एप्रन बांधायला लावला.

केकची कृती लिहिलेल्या आर्डिसच्या कार्डावर होतं, तीन कप मैदा. ऑर्विलने पाककृतींचं पुस्तक उघडलं. एका कपाचे एकशेवीस ग्रॅम, तीन कपांचे तीनशे साठ. लेकीने पाठवलेल्या छोट्या काट्यावर त्याने कण न् कण तोलून घेतला. केक मधोमध खचला. हा केक आहे की मांजराची ताटली, असं आर्डिसने विचारलं.

पुस्तकातल्या कपाशी तिच्या कपाचं काही नातंच नव्हतं. तिचा कप म्हणजे कान तुटलेला निळा मग. तो डब्यात खुपसायचा, ओट्यावर दोनदा आपटायचा, वर आणखी थोडा मैदा. थोडा म्हणजे किती, असं ऑर्विलने विचारलं.

"थोडा म्हणजे थोडा. अडतीस वर्षं पगार कशाचा दिला रे तुला त्यांनी?"

काट्यावर मोजू द्यायला ती तयार नव्हती. काटा दिसला की हात बुजतो म्हणे. मग ऑर्विलला आपला धंदा आठवला. त्याने मैद्याचा डबाच गुपचूप तोलून तिच्यापुढे ठेवला आणि डाव्या हाताने दाखव म्हणाला. आर्डिसने तीन कप भरून मांडीवरच्या भांड्यात ओतले. ती नाक पुसायला वळताच त्याने डबा पुन्हा तोलला. चारशे एकाहत्तर ग्रॅमचा फरक. तिच्या प्लास्टरवर सांडलेला मैदा त्याने ब्रशने झाडून घेतला आणि तोही गुपचूप तोलला. नऊ ग्रॅम. तेही वजा केले. उरलेल्या मापाने त्याने भाजलेला केक खचला नाही.

जत्रेचा नियम कडक. ज्याच्या हाताने केक झाला, त्याचंच नाव. ऑर्विलने जन्मात खोटी नोंद केली नव्हती. त्याने स्वतःचं नाव लिहिलं. फीतही त्यालाच मिळाली. तुझ्या नवऱ्याच्या हाताला चव आहे हो, असं म्हणून लव्हर्नने आर्डिसच्या जखमेवर मीठ चोळलं.

घरी पोचल्यावर आर्डिसने स्वयंपाकघरातलं ते कार्ड उचललं. 'तीन कप'च्या खाली नवऱ्याच्या अक्षरात ४६२ ग्रॅम लिहिलं होतं.

"हे कुठून आणलंस?"

"तुझ्या हातातून. बुधवारी तोललं, चोरून."

"आणि फितीवर नाव तुझं."

ऑर्विलने टोपी काढली. "भरलेल्या ट्रकमधून ट्रक वजा केला की उरतो तो माल. माल तुझा. मी ट्रक."

आर्डिसने त्याच्या हातातली फीत घेतली.

"रिकामा," ती म्हणाली, आणि डाव्या हाताने ती फीत आपल्या अकरा फितींच्या रांगेत टाचू लागली. टाचणी काही केल्या जमेना, तेव्हा तिने ट्रकलाच हाक मारली.