भावाचा सेव्ह

सोमवारी दुपारी माझा धाकटा भाऊ वारला. आमच्या रीतीप्रमाणे त्याला बसवून, कपाळी भस्म लावून समाधी दिली.

तो ग्रीक देवांशी लढायचा एक गेम खेळायचा. वाचनालयातून आणलेल्या पुस्तकांतून त्या देवांच्या कथा मी त्याला सांगत असे. "ताई, तुझ्या पुस्तकातले मरत न्हाईत. इथं मलाच मारावं लागायलंय," तो म्हणायचा. गेम घ्यायच्या आधी त्या गेमच्या अटी त्याने मला वाचून दाखवल्या होत्या. डिस्कवर भरपूर जागा मोकळी हवी, म्हणून बाकीचे सगळे गेम पुसून टाकले. गेम ज्या यंत्रावर चालायचा त्या कन्सोलच्या माहितीपत्रकात तर भोवती हवा खेळती हवी, खोलीचं तापमान पस्तीसच्या वर नको, असंही होतं. "ह्यांनी आपल्या सेलूचा मे बघितला न्हाई," असं म्हणत तो कूलरच्या तोंडाशी बसून खेळायचा. शेवटची लढाई तेवढी राहिली होती.

महिन्याभराने मला तो कुठे थांबला ते पाहावंसं वाटलं. पुढे खेळायचं नव्हतं, फक्त त्याचा सेव्ह, म्हणजे खेळ जिथवर आला ती साठवलेली नोंद, उघडून बघायचा होता. कन्सोल सुरू केला. दोन मिनिटांत पंखा घरघरला, फार तापल्याची सूचना टीव्हीवर आली आणि कन्सोल बंद पडला. पुन्हा सुरू होईना.

आई दारात उभी होती. "मी तर रोज पूजा करायले त्याची," ती म्हणाली. "भस्म लावते, बेल वाहते. त्याचा जीव ह्यातच असायचा."

कन्सोलच्या वरच्या जाळीवर राखेचा थर होता. सेव्ह गेला असेल तर तो आईच्या हातून गेला होता, आणि हे तिला मलाच सांगावं लागणार होतं.

दुसऱ्या दिवशी कन्सोल पिशवीत घालून रेल्वेने परभणीला नेला. दुरुस्तीवाल्याने झाकण काढलं आणि तो थांबला.

"ताई, ह्याच्यात झुरळं निघतेत. एकदा पाल निघाली होती. भस्म पहिल्यांदाच बघायलोय."

चिमट्याने त्याने बेलाच्या वाळल्या पानाचा तुकडा काढला. "हे देवाचं हाय. फेकू का ठेवू?"

"आतला सेव्ह गेला का?" मी विचारलं.

"तो डिस्कवर असतो. डिस्क ह्या कोपऱ्यात. राख बसली पंख्यावर, म्हणून तापलं अन् आपोआप बंद पडलं. शहाणी मशीन हाय."

त्याने ब्रशने सगळं साफ केलं, तिथल्याच छोट्या टीव्हीला जोडलं. यादीत एकच सेव्ह होता. शेजारच्या चित्रात योद्धा खडकावर उभा, मागे समुद्र.

"हाय बघा," तो म्हणाला. मी स्टुलावर बसले आणि पाणी मागितलं. कितीतरी दिवसांनी पूर्ण ग्लास प्यायले.

घरी आई वाट बघत होती. "माझ्यामुळं बिघडलं ना?"

"भस्म आत गेलं होतं. पण त्याचं सगळं शाबूत आहे."

तिने विचारलं, "मग आता लावू कुठं?"

"फोटोला लाव."

"फोटोला हवा लागत न्हाई ना?"

"नाही," मी म्हणाले, आणि आम्ही दोघी हसलो.

भावाचा सेव्ह त्याने थांबवला तिथे आहे. खाली दुसरा, मी सुरुवातीपासून खेळायला घेतलेला, माझा आहे. मी अजून पहिल्या पुलापाशीच आहे.