माळ वैनगंगेत सोडली त्या दिवशी

त्या उन्हाळ्यात माझे डोळे पिवळे झाले. मी रोज महादेवाला पाणी घालणारी बाई. पण उजव्या बरगडीखाली कळ उठली की तो ऐकत असेल का, अशी शंका यायची. आधी एकदा सोनोग्राफीत पित्ताशयात लहान गाठी दिसल्या होत्या. डॉक्टर त्यांना पॉलिप म्हणाले, पुन्हा तपासायला या म्हणाले. खडे नाहीत एवढंच मी ऐकलं आणि धानाच्या कामाला लागले.

डोळे पिवळे म्हणजे कावीळ, आणि कावीळ म्हणजे माळ, हे आमच्या चामोर्शीकडे कोणाला शिकवावं लागत नाही. माझ्या जावेने झाडपाल्याच्या काड्यांची माळ आणून माझ्या डोक्यावर ठेवली. काड्या वाळतात तशी ती लांबत जाते. आधी गळ्यात उतरली, मग छातीवर. माळ उतरतेय म्हणजे कावीळ उतरतेय, म्हणून घरात आनंदीआनंद. मला मात्र शौचाला डांबरासारखं काळं होत होतं. अंगातली उष्णता निघत असेल, अशी समजूत घालून मी गप्प बसले. असल्या गोष्टी बाई सांगणार कोणाला?

माळ बेंबीपर्यंत आली की वाहत्या पाण्यात सोडायची आणि मागे न पाहता घरी यायचं, नाहीतर कावीळ पाठोपाठ येते. आम्ही मार्कंड्याला वैनगंगेवर गेलो, माळ सोडली. जाऊ पुढे, मी मागे. चार पावलांत डोळ्यांपुढे अंधारी आली, रक्ताची उलटी झाली आणि मी वाळूत बसले. हाक मारायला आवाज फुटेना. जाऊ इतकी नेमाची, की तिने मागे पाहिलंच नाही. तशीच चालत गेली. आपलं संपलं, असं वाटलं. मनात म्हटलं, महादेवा, आता तूच पाहा.

पाहिलं ते एका अनोळखी बाईने. एटापल्लीकडचं ते गोंड कुटुंब मुलासाठी मुलगी पाहायला जीपने निघालं होतं, हातपाय धुवायला नदीवर थांबलं होतं. नव्या लुगड्याची पर्वा न करता तिने माझं डोकं मांडीवर घेतलं, तोंड पुसलं आणि जावेला हाक मारली, "ओ बाई, मांगं पाहा! तुही बाई पडली इथी!"

तिचा नवरा कुरकुरला, "आता काऊन थांबाचं? तिकडं लोक वाट पाहून राह्यले."

ती शांतपणे म्हणाली, "पोरगी उद्या बी तिथीच राहील. ही नाई राहाची. गाडी गडचिरोलीले घे."

गडचिरोलीच्या दवाखान्यातून मला नागपूरला पाठवलं. पित्ताशयातल्या गाठीतून सुटलेलं रक्त पित्तनलिकेत झिरपत होतं; शौचाला काळं व्हायचं ते त्यानेच. त्याचीच गुठळी अडकून कावीळ झाली होती. दुर्बिणीने वाट मोकळी केली, रक्त चढवलं, पुढे पित्ताशयच काढलं. गाठ साधी निघाली. आणखी उशीर झाला असता तर मी हाती लागले नसते, असं डॉक्टर म्हणाले.

याला कोणी योगायोग म्हणावं, माझी तक्रार नाही. ती माणसं मला दवाखान्याच्या दारात उतरवून गेली. नाव-पत्ता विचारायचं जावेलाही सुचलं नाही. आपल्याने आता होत नाही म्हटल्यावर उचलणारे हात कोणाचे असतील, हे ठरवणं आपल्याकडे नसतं, एवढं मला कळलं. पिंडीवर पाणी घालताना आता पहिलं मागणं माझ्यासाठी नसतं. त्या पोराचं लग्न जुळलेलं असू दे, असं म्हणते. मुलगी कशी आहे ते मला ठाऊक नाही; पण तिला सासू चांगली मिळाली असेल, एवढं मी सांगू शकते.