मेक्सिकोचा पायगुण

आमच्या घरात म्युच्युअल फंड मी आणला. तेव्हा आमच्या एदलाबादकडे केळीचे पैसे आले की ते सोन्यात जायचे, नाहीतर आणखी जमिनीत. मी जळगावला कॉलेजात कॉमर्स शिकवत होतो, म्हणजे शिकवण्यापेक्षा मिरवत जास्त होतो. मोठ्या भावाला म्हणालो, "परदेशी लोक आता आपल्यासारख्या उगवत्या बाजारांत पैसा ओतणार आहेत. ते यायच्या आत आपण घुसायचं." भाऊ साधा माणूस. एका हंगामाची केळी त्याने माझ्या शब्दावर फंडात घातली.

वडील लवकर गेलेले, त्यामुळे घरात शेवटचा शब्द आईचा. युनिट म्हणजे काय ते तिला कधी कळलं नाही, पण भाव कळत होता. केळीला रोज भाव फुटतो तसा यालाही फुटतो, एवढं तिने पक्कं धरलं. संध्याकाळी एसटीतून उतरून मी घरी आलो की चपला काढायच्या आत विचारायची, "आज काय भाव हाये रे?" मी पेपरातला आकडा सांगायचो. चढता होता तोवर मोठी मजा होती.

चौऱ्याण्णवच्या डिसेंबरात भावाचं लग्न झालं. वहिनी धुळ्याकडची. तिच्या बोलण्यात 'आहे'च्या जागी अहिराणी 'शे' आलं की आई नाक मुरडायची, तेवढं चालायचंच. पण वहिनीने उंबऱ्यावरचं माप लवंडलं आणि त्याच महिन्यात तिकडे मेक्सिकोचं चलन गडगडलं. परदेशी फंड घाबरले, सगळ्याच उगवत्या बाजारांत हात आखडता घेऊ लागले. आमचं दहाला घेतलेलं युनिट आठवर आलं, मग सातवर.

"पोरीचा पाय पडला अन् भाव पडला," आई म्हणाली. "आता आनखी काय पाहाचं राह्यलं?"

वहिनी माझ्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन तिथेच उभी होती.

त्याच दिवशी सकाळी मी वर्गात फळ्यावर जगाचा नकाशा काढून मेक्सिकोपासून मुंबईपर्यंत बाण ओढला होता. पोरं खूश! लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. घरी मात्र मी मिठाची गुळणी धरून बसलो. कारण वहिनीचा पाय निर्दोष सुटला असता, तर पुढचा प्रश्न माझ्याच गळ्यात पडणार होता, की मग हे खूळ घरात आणलं कोणी? भाऊ माझ्याकडे बघत होता. मी पाणी प्यालो आणि म्हणालो, "भूक लागली, वाढा."

आईला तेवढं पुरलं. केळीचा ट्रक भरायचा असला की वहिनीने पुढच्या अंगणात यायचं नाही. व्यापारी आला की चहा तिने करायचा, नेऊन आई देणार. दिवाळीत लक्ष्मीपूजनाचं सगळं तिने दिवसभर राबून मांडलं, आणि ऐन आरतीला आईने तिला मागच्या दारी म्हशीला पाणी पाजायला पाठवलं. मी आरतीत टाळ्या वाजवत होतो. लाज वाटत नव्हती असं नाही हो, चांगली वाटत होती. पण नुसती वाटून काय करायचीय?

एकदा भाकरी थापता थापता तिने मला हळूच विचारलं, "भाऊजी, तुम्ही शिकेल शेतस. हाई खरं शे का? मन्हा पायमुळे भाव पडना का?"

"अहो वहिनी, आईचं बोलणं काय मनावर घेता!" मी म्हणालो.

हे काही उत्तर नव्हतं. तिने तव्यावरची भाकरी उलटली.

पुढे काही वर्षांनी माझं लग्न झालं तेव्हा बाजार उसळला होता, युनिट दहाच्या बरंच वर गेलं होतं. "लक्ष्मी आली माय, लक्ष्मी!" म्हणत आईने माझ्या बायकोची अलाबला घेतली. उंबऱ्यावरचं माप वहिनीनेच भरून ठेवलं होतं. आईने तिला नुसतं डोळ्यांनी खुणावलं, आणि ती मुकाट मागे सरकून भिंतीला टेकली. आता तरी बोलावं, असं माझ्या जिभेवर आलं. पण पाहुण्यांचं घर भरलेलं, आणि आज लक्ष्मी आणणारा मीच होतो. मी वाकून आईच्या पाया पडलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीने आम्हा दोघांना चहा आणून दिला. 'शे' तिच्या बोलण्यातून केव्हाच गेलं होतं.

"भाऊजी, एक करा," ती हसत म्हणाली. "भाव का उतरतो ते तुम्हाला सगळं कळतं. पुन्हा उतरायला लागला की हिला लगेच माहेरी धाडून द्या."

माझी बायको खळखळून हसली. तिला ती थट्टा वाटली.

वहिनीने रिकामा ट्रे उचलला. "मला वेळेवर कोणी सांगितलं नव्हतं," ती म्हणाली, आणि स्वयंपाकघरात गेली.